खंडूनं दोरी लावली नाही

न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीत खंडूइतका ताठ माणूस दुसरा नव्हता, आणि त्या ताठपणाचा ताप सोजरबाईइतका कुणाला झाला नव्हता. बायकोच ती, जाते कुठं? खंडू रांजणगावला कंपनीत हेल्पर म्हणून कामाला, म्हणजे दिवसभर खोकी उचलायची. पण गडी घरातून निघायचा तो असा, की बघणाऱ्यानं मॅनेजर समजावं. निळ्या ड्रेसला तांब्यात निखारे घालून इस्त्री, बुटाला पॉलिश, दाढी रोजच्या रोज. कंपनीची बस फाट्यावर यायच्या कितीतरी आधी हा तिथं उभा. सोजरबाई म्हणायची, अवं, लग्नाला निघालाव का खोकी उचलायला? तो म्हणायचा, खोकी उचलतो म्हणून मळकं जायचं व्हय?

हा पीळ बापाकडून आलेला. गावातलं मेलेलं जनावर ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या यांच्याच घराकडं होतं. कुणाची म्हैस मेली, बैल मेला, की सांगावा यायचा. दोरी घ्यायची, पायांना बांधायची आणि गावामागच्या वाटेनं ओढ्यापर्यंत फरफटत न्यायचं. धम्म घेतला त्या साली खंडूच्या बापानं ती दोरी चुलीत घातली आणि चावडीवर जाऊन सांगितलं, आजपासून बंद. मग गावानं काय केलं ते काही विचारू नका. गिरणीत दळण बंद, शेतावर काम बंद, दुकानात मीठसुद्धा मिळेना. खंडू तेव्हा लहान होता, पण त्या दिवसांतली अळणी भाकरी तो आयुष्यभर विसरला नाही. बाप गेला तेव्हा त्यानं पोराला एकच सांगितलं होतं, मेल्या जनावराला दोरी लावू नको. जमीन नाही, जुमला नाही. एवढंच काय ते ठेवून गेला.

लेक गौतमी दौंडला दिली, जावई रेल्वेत. ती गेल्यावर घर खायला उठलं. तशात एके दिवशी खंडू डब्याच्या पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. कंपनीच्या गेटवर सापडलं म्हणून नाव गेट्या. सोजरबाईनं आधी तोंड वाकडं केलं, म्हणाली, आपल्याच दोन भाकरी जड हायेत, आता तिसरी थापा. आणि महिनाभरात हीच बया त्याला दुधात भाकरी कुस्करून द्यायला लागली. गेट्या संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसायचा, बस आली की खंडूच्या पुढं पुढं चालत घरी यायचा. वस्तीतली पोरं चेष्टा करायची, खंडूमामाला सिक्युरिटी मिळाली. खंडूला ते आवडायचं. हसायचा नाही, पण चाल बदलायची.

एमआयडीसी येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एकदा गेट्या घरातून गेला तो दोन दिवस आलाच नाही. सोजरबाई हाका मारून दमली. तिसऱ्या दिवशी आला तो आपणहून बाजेखाली शिरला आणि अंधाराकडं तोंड करून बसला. भाकरीला तोंड लावीना. भुंकला तर आवाज घोगरा, चिरकलेला, जणू दुसऱ्याच कुत्र्याचा. खालचा जबडा लोंबायला लागला, लाळेची तार जमिनीला टेकली. शेजारची धुरपदा येऊन बघून गेली. तिचं म्हणणं, काही नाही, कुणाच्या तरी जत्रेच्या मटणातलं हाडूक घशात अडकलंय. सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं, तोंड मिटतच नव्हतं ना त्याचं.

खंडू त्याच्यापुढं बसला. एका हातानं जबडा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं घशापर्यंत घातली. गेट्यानं काही केलं नाही, नुसता बघत राहिला. हाडूक सापडलं नाही. बोट बाहेर काढताना पेरावर दात घासला आणि रक्ताचा एक थेंब आला. सोजरबाई म्हणाली, हळद लावा. तो म्हणाला, ह्ये काय चावणं हाय व्हय? आणि हात धुतानासुद्धा नुसत्या पाण्यानं धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेट्या बाजेखालीच मेला.

घरातलं जनावर मेलं म्हणजे माणसाला सुचत नाही, आणि वस्तीला मात्र सगळं सुचतं. कुणी म्हणालं, ऊन वाढायच्या आत ओढ्यात टाका. कुणी म्हणालं, लिंबाखाली पुरा, झाड धरतं. धुरपदानं आपलं सरळ सांगितलं, मागच्या पायाला सुतळी बांधा आन् न्या वढत, कुत्रंच तर हाय. हे ऐकून खंडू बाजेवरून उठला. सोजरबाईला वाटलं, आता हिला काहीतरी बोलतोय.  त्यानं आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा ड्रेस घातला, गेट्याला आपल्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलं आणि झोपलेलं पोर घेतात तसं खांद्यावर घेतलं. गेट्याचं तोंड त्याच्या मानेशी आलं. मान लाळेनं ओली झालेली सोजरबाईनं बघितली.  सदरा तोंडावर नीट घ्या म्हणून ती बोलली. तो म्हणाला, श्वास कोंडंल त्याचा. मेलेल्या कुत्र्याचा श्वास! पण अशा वेळी माणसाच्या बोलण्याला कोण हसणार.

खंडूनं कंपनीच्या पगारातून घेतलेला अर्ध्या एकराचा तुकडा ओढ्याच्या अंगाला होता. तिथं जायला वस्तीमागून वाट होती, सरळ आणि जवळची. खंडूनं ती घेतली नाही. ज्या वाटेनं त्याच्या बापानं ढोरं ओढली होती तिच्यावरून तो घरचं मेलेलं नेणार नव्हता. तो गावातून निघाला, भर रस्त्यानं, चावडीवरून, देवळासमोरच्या पारावरून. मागून सोजरबाई, डोक्यावर पाटीत फावडं आणि खडेमीठ. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

पारावर हौसराव आबा बसले होते. बागायतदार, सोसायटीत वजन, तोंडानं तसे वाईट नाहीत, पण आपण बोललेलं समोरच्याला कुठं लागतं हे बघायची सवय त्यांना कधी लागली नव्हती. त्यांनी विचारलं, काय खंडू, दोरी न्हवती का घरात? दोघं-तिघं हसले. खंडू थांबला.

"घरातलं माणूस हाय, आबा. घरातल्या माणसाला दोरी लावत्यात का?"

 खंडू पुढं गेला, कमरेएवढा खड्डा स्वतः घेतला, गेट्याला मिठासकट पुरलं. त्या दिवसापासून वस्तीत त्याचा मान वाढला. सोजरबाईनं त्याचा ड्रेस धुतला, मानेजवळचा डाग दगडावर घासून काढला आणि विषय संपला, असं तिला वाटलं.

महिना लोटला असेल. एका सकाळी हौसराव आबा स्वतः चालत वस्तीत आले. आबा वस्तीत यायचे ते निवडणुकीला, एरवी त्यांचं इकडं काय काम? अंगणात उभे राहिले. सोजरबाईनं सतरंजी टाकली, बसले नाहीत. चेहरा उतरलेला होता. खंडूची त्या दिवशी सुट्टी होती. आबांनी सांगायला सुरुवात केली, की मधी तुझं कुत्रं आमच्या गोठ्यात शिरलं होतं, म्हशीच्या नाकाडाला चावलं होतं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. आता चार दिवसांमागं म्हैस बिथरली, गव्हाण चावून चावून तोंड रक्ताळून घेतलं, खुंटा उपटला आणि काल मेली. ढोराच्या डॉक्टरनं सांगितलं, पिसाळली होती. ज्यानं ज्यानं त्या कुत्र्याला हात लावला त्यानं शिरूरला जाऊन पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यावीत, हयगय करू नये.

इथवर आबा माणसासारखं बोलले. इथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाची जुनी जीभ कुठं घसरेल सांगता येत नाही.

"आन् खंडू, आमची गडीमाणसं म्हशीला हात लावंनात. तू तर हात लावलेलाच हाय, तुला इंजेक्शनं घ्यायचीच हायेत. तवा आमच्या म्हशीचं बी तेवढं बघ. तुमच्या लोकांना ठावं असतंय ह्ये."

सोजरबाईला वाटलं, जमीन फाटावी. तिनं खंडूकडं बघितलं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो अगदी हळू, आदरानं बोलला, की आबा, तुमची म्हस तुमी बघा, आणि आत गेला. आबांना काय चुकलं तेही कळलं नाही. ते सोजरबाईला म्हणाले, याला शिरूरला तेवढं पाठव, आणि गेले.

आत खंडू हसत होता. ते हसू बघून सोजरबाईला भ्या वाटलं. तो म्हणाला, बघितलंस? इतकी वर्षं झाली, आपल्याला दोरी धरायला लावायची यांची खोड गेली न्हाई. आता म्हणं कुत्रं पिसाळलं व्हतं. म्हंजी म्हशीचं पाप आपल्या माथी, आन् भरपाई म्हणून वढा म्हस. सोजरबाई म्हणाली, अवं, वढू नगा, पण इंजेक्शन खरं असंल. दोन्ही गोष्टी खऱ्या असत्यात कवा कवा. त्याला ते पटेना. दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हा तर बापाचं तोंड पोळलेलं विसरला नव्हता. शिरूरला जाऊन इंजेक्शन घेतलं की गावात होणार, खंडूनं कबूल केलं, त्याच्याच कुत्र्यानं आबांची म्हैस मारली. मग सगळं गाव मिळून म्हणणार, आता म्हैस ओढ. आणि चावलंय कुठं? कुत्रं चावलंच नव्हतं तर इंजेक्शन कशाचं?

सोजरबाईनं त्याच्या बोटाकडं बघितलं. पेरावरची जखम कधीच भरून गेली होती. पण तो अंगठ्यानं ते पेर सारखं चोळत होता. तिनं विचारलं, काय झालं? म्हणाला, मुंग्या येत्यात, खोकी उचलून. खोकी तो वर्षानुवर्षं उचलत होता, आधी कधी येत नव्हत्या.

तिनं गौतमीची शपथ घातली. त्यानं ती पोरीला मध्ये आणू नको म्हणून परत दिली. तिनं जेवण सोडलं, तोही जेवला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा ती उठली आणि कुणाला न सांगता आबांच्या मळ्यात गेली. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघू, खोटं निघालं तर देव पावला.

खोटं नव्हतं. गोठ्यामागं म्हैस फुगून पडली होती, चारी पाय ताठ, माश्यांचं मोहोळ. गव्हाणीचं लाकूड कुरतडलेलं, त्यावर वाळलेलं रक्त. कुणी जवळ जात नव्हतं. आबांची बायको साखरबाई दारातून बाहेर आली. म्हणाली, रात दिवस वरडायची ग, तिचा आवाज अजून माझ्या कानात हाय. मी आन् सुना, आम्ही धारा काढल्या व्हत्या, आम्ही सगळ्यांनी इंजेक्शनं सुरू केली. तिनं पदर बाजूला करून पोटावरची सूज दाखवली आणि सोजरबाईचा हात धरला. या घरात आजवर सोजरबाईचा हात कुणी धरला नव्हता.

"सोजर, तुझ्या माणसाला ने. आजच्या आज ने."

आबा बाहेर खुर्चीत बसले होते. सोजरबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, की आबा, म्हस तुमी पुरा. तुमच्या हातानं पुरा, न्हाईतर कसं बी पुरा. तोवर माझा माणूस तुमच्या बोलण्यावर इस्वास ठेवायचा न्हाई. आबा म्हणाले, त्याचा आन् ह्याचा काय संबंध? मग म्हणाले, बघू. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी मिळतो का विचारतो. मोठ्या माणसाचं बघू म्हणजे काय, ते गरिबालाच ठाऊक.

घरी येऊन तिनं खंडूला सगळं सांगितलं. गव्हाण सांगितली, साखरबाईची सूज सांगितली.  तो जरा डळमळला, हे तिला दिसलं. पण तोंडानं म्हणाला, म्हस त्यांची, त्यांनी घ्यावीत इंजेक्शनं. जोवर ती म्हस तिथं पडलीय तोवर मी शिरूरची यष्टी धरणार न्हाई. सुंभ जळला तरी पीळ जळेना, तो असा. आबांकडचा पीळ तरी कुठं जळत होता? इकडं एक, तिकडं एक, आणि मध्ये मेलेली म्हैस. सोजरबाई मनातल्या मनात दोघांना शिव्या देत होती आणि रस्त्यावर जेसीबीचा आवाज येतो का म्हणून कान लावून बसत होती. खंडू कामावर जात होता. येताना चेहरा ओढलेला, कुणी जोरात बोललं की दचकायचा. मुंग्या बोटातून मनगटाच्या वर चढल्या होत्या. धुरपदा म्हणाली, ताप असंल, काढा द्या. हिचं आपलं हाडूक काय नि ताप काय.

शेवटी जेसीबी आला. खंडूनं तो बसमधून उतरताना बघितला. मळ्याच्या बांधावर आबा स्वतः उभे होते, धोतराचा सोगा नाकाला लावून, आणि खोऱ्यानं चुना टाकत होते. कुणाही गड्याला पुढं केलं नव्हतं. खंडू घरी आला, बूट काढले, बाजेवर बसला. 

"पुरली त्यांनी," तो म्हणाला. "म्हंजी खरंच पिसाळली व्हती. उद्या जाऊ शिरूरला."

सोजरबाईला रडूच आलं. इतके दिवस धरलेलं सगळं एकदम सुटलं. तिनं त्याचा ड्रेस काढला, निखारे घातले, इस्त्री करून ठेवली. सकाळी तो लवकर उठला, दाढी केली. तिनं चहा केला आणि कप त्याच्यापुढं धरला. त्यानं तो तोंडाजवळ नेला आणि त्याचा घसा आवळून आला, सगळं अंग झटक्यानं मागं गेलं, चहा ड्रेसवर सांडला. तो म्हणाला, गरम हाय. तिनं फुंकून दिला. पुन्हा तेच. तो ओशाळून हसला, म्हणाला, घसा धरलाय, शिरूरला गोळी बी घेऊ. तिनं कप बाजूला ठेवला आणि त्याच्याकडं न बघता डाग पुसला. यष्टी चुकवून चालणार नव्हतं.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर पोरगेलासा होता, बोलायला चांगला. त्यानं खंडूला तपासलं, पाण्याचा ग्लास समोर आणला, खंडूचं तोंड कसं झालं ते बघितलं आणि ग्लास लगेच परत नेला. खंडूला बाहेर बाकावर बसवलं. सोजरबाईला आत बोलावून दार लोटलं. आता इंजेक्शनाचा उपयोग नाही, असं त्यानं सांगितलं. पुण्याला चिठ्ठी देतो, तिथं त्रास तरी कमी होईल. तुम्ही कुत्र्याची लाळ लागलेले कपडे धुतलेत, तुमची इंजेक्शनं मात्र आजच सुरू करायची. मग त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं विचारलं, बाई, इतके दिवस तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?

"सांगितलं व्हतं, सायेब," सोजरबाई म्हणाली. "बरूबर सांगितलं व्हतं. पण त्याच तोंडानं मेलेली म्हस वढायला बी सांगितली."

डॉक्टरला ते समजलं की नाही कोण जाणे. त्यानं मान खाली घातली आणि नर्सला हाक मारली.

बाहेर खंडू पाठ ताठ करून बसला होता. ड्रेसवर चहाचा डाग होता, तो हातानं झाकलेला. नर्स दारात आली आणि तिनं सोजरबाईचं नाव पुकारलं, तसा खंडू उठला. त्यानं सदऱ्याची खालची बटणं आधीच काढून ठेवली होती.

"आधी मला द्या," तो नर्सला म्हणाला. "हिला काय झालं न्हाई. माझ्या बोटाला दात लागला व्हता."

नर्सनं सोजरबाईकडं बघितलं. सोजरबाईनं पदर तोंडावरून फिरवला, त्याचा हात धरून त्याला परत बाकावर बसवलं आणि त्याची बटणं लावली.

"तुमचा नंबर मागनं हाय," ती म्हणाली. "बसा जरा." आणि नर्सच्या मागून आत गेली.